पाहुण्या भाषा आणि यजमान यंत्रें

भोर संस्थानचा इतिहास म्हणजे दुसऱ्याच्या छत्राखालीं आपली रीत राखण्याचा इतिहास होय. छत्रपति राजाराममहाराजांचे सचिव शंकराजी नारायण यांनीं १६९७ मध्यें या संस्थानाचा पाया घातला. राजगड, प्रचंडगड, विचित्रगड, पवनमावळ आणि सुधागड असे त्याचे पांच तालुके होते. आजच्या भोर व वेल्हें भागांतल्या डोंगरदऱ्या बहुतांशीं त्यांतच मोडत. १८२० सालीं इंग्रजांशीं करार झाला. पुढें १८४९ मध्यें सातारचें राज्य खालसा झाल्यावर पंतसचिव थेट इंग्रजी सार्वभौमत्वाखालीं आले. आंतला कारभार पंतसचिवांचा, परंतु अखेरचा शब्द यजमानाचा, अशी ही दुहेरी व्यवस्था होती. ८ मार्च १९४८ रोजीं संस्थान विलीन झालें आणि ती संपली.

घर दुसऱ्याचें आणि रीत आपली, अशा स्थितींत नांदतां येतें काय? येत असेल तर त्याची किंमत कोणी भरावयाची, पाहुण्यानें कीं यजमानानें? हा प्रश्न केवळ राज्यकारभाराचा नाहीं. संगणकाला आज्ञा देण्यासाठीं मनुष्यानें ज्या भाषा घडविल्या, त्यांच्या इतिहासांतहि तो अर्ध्या शतकाहून अधिक काळ घोळत आला आहे. आणि नवलाची गोष्ट अशी कीं, त्या इतिहासाचें फळ आज वेल्ह्याच्या शेतकऱ्याच्या खिशांत येऊन पडलें आहे.

हा शेतकरी सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठीं पूर्वीं तलाठ्याकडे हेलपाटे घाली. आतां तो फोनवर जिल्हा निवडतो, तालुका निवडतो, गांव निवडतो, आणि उतारा पडद्यावर उमटतो. तालुका बदलतांच गांवांची यादी बदलते; कांहीं भरावयाचें राहिलें तर तशी सूचना येते. पडद्यावरील अशा हालचाली घडविणाऱ्या आज्ञा त्या पानासोबतच फोनमध्यें येतात, आणि त्या जावास्क्रिप्ट नांवाच्या भाषेंत लिहिलेल्या असतात. फोनच्या आंतील यंत्राला ही भाषा मुळींच समजत नाहीं. त्याला समजतात केवळ आंकड्यांनीं लिहिलेले कांहीं मोजके हुकूम. या दोहोंच्या मध्यें एक कारभारी बसलेला असतो. त्याला ‘रनटाइम’ म्हणतात. भाषेंतील आज्ञा वाचणें, त्यांचे यंत्राच्या हुकुमांत रूपांतर करणें, लागेल तेवढी स्मृति देणें आणि वापरून झालेली परत घेणें, हें सर्व काम त्याचें.

जावास्क्रिप्ट, पायथॉन, रूबी या ‘डायनॅमिक’ म्हणजे चल जातीच्या भाषा होत. चल भाषा म्हणजे काय, हें सातबाऱ्यावरूनच उमगेल. सात आणि बारा हे दोन आंकडे असतील तर त्यांची बेरीज एकोणीस. परंतु ‘सात’ आणि ‘बारा’ हे नुसते शब्द असतील, तर त्यांचा जोड ‘सातबारा’. अधिकाचें चिन्ह दोन्हींकडे एकच. अर्थ मात्र निराळा. सी किंवा जावा यांसारख्या शिस्तीच्या भाषांत लिहिणारानें प्रत्येक पेटीवर आधींच चिठ्ठी लावावयाची असते: हींत आंकडाच राहील, हींत शब्दच राहील. मग काम चालूं असतां यंत्राला विचारपूस करावी लागत नाहीं. चल भाषेंत पेटीवर चिठ्ठी नसते. पेटींत आज आंकडा असेल, उद्यां शब्द असेल. लिहिणारास यांत मोठी मोकळीक मिळते. परंतु प्रत्येक बेरजेच्या वेळीं कारभाऱ्याला पेटी उघडून ‘आंत काय आहे?’ असें पाहावें लागतें. एक पान उघडतांना अशा पेट्या लाखोंनीं उघडाव्या लागल्या, तर विलंब किती होईल याची कल्पना कोणासहि करतां येईल.

या जातीची आद्य भाषा म्हणजे लिस्प. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविद्यापीठांत जॉन मॅकार्थी यांनीं १९५८ मध्यें तिची आंखणी सुरू केली. वापरून झालेली स्मृति यंत्रानेंच शोधून गोळा करावी, लिहिणारास तिची चिंता नसावी, ही कल्पनाहि तेथेंच जन्मली. आज ज्याला कारभारी यंत्रणा म्हणतात तिचें हें पहिलें लक्षण. १९७० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधनकेंद्रांत ॲलन के, डॅन इंगॉल्स, ॲडेल गोल्डबर्ग आदींनीं स्मॉलटॉक ही भाषा घडविली. तिच्या आज्ञा प्रथम एका कल्पित यंत्राच्या हुकुमांत उतरत, आणि खरें यंत्र त्या कल्पित यंत्राची नक्कल करी. त्यामुळें एकच मजकूर कोणत्याहि यंत्रावर चाले. रचना देखणी होती, पण चाल संथ. मोकळीक हवी तर मंदपणा सोसला पाहिजे, असेंच तेव्हां जाणत्यांनाहि वाटे.

ही समजूत प्रथम डळमळीत केली ती पीटर डॉइच आणि ॲलन शिफमन यांनीं. १९८४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यांनीं एक साधी गोष्ट दाखविली. ती समजण्यासाठीं राजगडाच्या पाली दरवाजावर उभा असलेला एखादा पहारेकरी कल्पावा. येणाऱ्या प्रत्येकास तो ‘कोण? कोठला? कोणाकडे जाणार?’ असें विचारतो, वर निरोप धाडतो, उत्तराची वाट पाहतो आणि मग वाट दाखवितो. असें दिवसभर चाललें तर दरवाजावर गर्दी होईल. परंतु पहारेकऱ्याच्या लक्षांत येतें कीं, या वाटेनें येणारा बहुधा कालचाच माणूस असतो. पद्मावती माचीवर दूध पोंचविणारा गवळी. मग तो मागचें उत्तर ध्यानांत ठेवतो. चेहरा ओळखीचा असेल तर विचारपूस न करतां थेट वाट मोकळी. अनोळखी असेल तरच पुरी चौकशी. चल भाषेंतहि तसेंच आहे. पेटींत काय वाटेल तें असूं शकतें, हें खरें. पण एका ठिकाणीं येणारी वस्तु बहुतेक वेळां मागच्याच जातीची असते. तेव्हां प्रत्येक दरवाजापाशीं मागचें उत्तर लिहून ठेवावें, एवढीच ती युक्ति. स्वातंत्र्य कायम राहिलें. त्याचा उपयोग मनुष्य क्वचितच करतो, या अनुभवाचा तेवढा फायदा घेतला.

पुढचें पाऊल सेल्फ या भाषेनें टाकलें. डेव्हिड अंगर व रँडल स्मिथ यांनीं ती कल्पिली, आणि १९८७ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठांत व नंतर सन या कंपनींत ती वाढली. सेल्फ ही मोकळीकतेच्या बाबतींत स्मॉलटॉकच्याहि पुढें गेलेली. अर्थात् वेगवान् करण्यास सर्वांत अवघड. क्रेग चेंबर्स, उर्स होल्त्सले प्रभृति तरुण संशोधकांनीं हें आव्हान घेतलें. पहारेकऱ्यानें एकच नव्हे तर चार-पांच चेहरे लक्षांत ठेवावेत, असें त्यांनीं १९९१ मध्यें दाखविलें. एकाच घडणीच्या वस्तूंचा एक समाईक आराखडा ठेवावा, म्हणजे प्रत्येक वस्तूची निराळी तपासणी नको, ही योजनाहि त्यांचीच. शिवाय ज्या वाटेवर रहदारी फार, तेवढीच वाट फरसबंदी करावी. आणि अंदाज चुकला, अनोळखी पाहुणा आला, तर मुकाट्यानें जुन्या वाटेवर परत यावें, हेंहि त्यांनीं साधलें. कांहीं कसोट्यांत सेल्फनें सी भाषेच्या निम्मा वेग गांठला. चल भाषेकडून इतकी अपेक्षा तोंवर कोणी केली नव्हती.

येथें इतिहासानें एक वळण घेतलें. १९९५ मध्यें सन कंपनीची जावा ही भाषा प्रसिद्ध झाली. ती शिस्तीची भाषा. पेट्यांवर चिठ्ठ्या लावणारी. परंतु तीहि स्मॉलटॉकप्रमाणें कल्पित यंत्रावर चाले आणि आरंभीं फार संथ होती. सेल्फवर काम केलेल्या मंडळींपैकीं लार्स बाक, होल्त्सले आदि एका छोट्या कंपनींत गेले होते. ती कंपनी सननें १९९७ मध्यें विकत घेतली, आणि त्यांच्या विद्येंतून १९९९ सालीं हॉटस्पॉट हा जावाचा वेगवान् कारभारी तयार झाला. मोकळ्या भाषेसाठीं शोधलेली युक्ति अशी शिस्तीच्या भाषेच्या कामीं आली, आणि तिच्या बळावर जावाचें घर ऐश्वर्यसंपन्न झालें. तयार ग्रंथालयें, स्मृतीची देखरेख, एकाच वेळीं अनेक कामें करण्याची सोय, सर्व कांहीं तेथें होतें. साहजिकच इतर भाषा पाहुण्या म्हणून त्या दारांत येऊं लागल्या.

पहिला मोठा पाहुणा म्हणजे पायथॉन. ही भाषा नेदरलँड्समध्यें खीदो फान रोसुम यांनीं घडविली व १९९१ मध्यें प्रसिद्ध केली. जिम ह्यूगुनिन या अमेरिकन तरुणानें १९९७ मध्यें ती जावाच्या घरांत आणली. तिचें पुढील नांव जायथॉन. पाहुणचार मिळाला, पण घरचा कायदा आड आला. जावाच्या कल्पित यंत्रांत दुसऱ्याला काम सांगण्याचे चार हुकूम होते, आणि त्यांपैकीं प्रत्येकास ‘कोणत्या जातीच्या वस्तूला सांगावयाचें’ हें आधींच लिहून द्यावें लागे. पायथॉनला तर तें आधीं ठाऊकच नसे. मग पाहुण्यानें घरांतल्या घरांत स्वतःचा एक निराळा पहारा बसवावा, स्वतःच्या वह्या ठेवाव्या, आणि यजमानाच्या कारभाऱ्याला त्या वह्या वाचतां न आल्यामुळें त्याची सारी फरसबंदी फुकट जावी, असा प्रकार होई.

२००२ मध्यें मायक्रोसॉफ्टनें डॉट-नेट नांवाचें दुसरें घर उघडलें. अनेक भाषांसाठींच तें बांधलें आहे, असें ती कंपनी सांगे. तरीहि चल भाषा तेथें रेंगाळतात, असा बोभाटा झाला. त्याच ह्यूगुनिननें ठरविलें कीं, हें घर चल भाषांना इतकें गैरसोयीचें कां, यावर एक टीकालेख लिहावा. आणि पुरावा म्हणून पायथॉन तेथें चालवून दाखवावी. प्रयोग केला, आणि लेख बाजूलाच राहिला. कारण त्याची पायथॉन कांहीं कसोट्यांत मूळ पायथॉनहूनहि जलद धांवूं लागली. मार्च २००४ मध्यें त्यानें हें आयर्नपायथॉन विद्वज्जनांपुढें मांडलें, त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें त्याला आपल्याकडे घेतलें, आणि सप्टेंबर २००६ मध्यें पहिली पुरी आवृत्ति निघाली. आपलें भाकीत प्रयोगानें खोटें ठरल्यावर तें सोडून देण्याचा हा प्रामाणिकपणा लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

आतां यजमानांनाहि जाग आली. मायक्रोसॉफ्टनें २००७ मध्यें सर्व चल पाहुण्यांसाठीं समाईक पहाऱ्याची व्यवस्था जाहीर केली, व २०१० मध्यें ती डॉट-नेटच्या चौथ्या आवृत्तींत समाविष्ट झाली. इकडे सन कंपनीनें २००६ मध्यें चार्ल्स नटर व थॉमस एनेबो यांना आपल्याकडे घेतलें. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांची रूबी ही भाषा जावाच्या घरांत नांदविणें, हें त्यांचें काम होतें. पाहुण्यांच्या अडचणी यजमानाच्या कानीं अशा रोज पडूं लागल्या. जॉन रोझ यांच्या पुढाकारानें जावाच्या कल्पित यंत्राचा कायदाच बदलण्याचें ठरलें. त्या यंत्राच्या हुकुमांच्या यादींत १८६ हा क्रमांक आरंभापासून रिकामा राहिला होता. पंगतींत एक पाट मांडलेला असावा आणि त्यावर कोणी बसलेलें नसावें, तसा. २८ जुलै २०११ रोजीं निघालेल्या जावाच्या सातव्या आवृत्तींत त्या पाटावर पांचवा हुकूम येऊन बसला. त्याचा अर्थ असा: ‘येथें कोण येईल हें आज सांगतां येत नाहीं. जो येईल त्याला कोणती वाट दाखवावी, हें पाहुण्यालाच विचार. आणि तें उत्तर आपल्या वहींत लिहून ठेव.’ पाहुण्याची वही आणि यजमानाची वही एक झाली. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पायथॉनच्या उपासकांचें अखिल भारतीय संमेलन पुण्यास भरलें होतें. या भाषांचा वारा तोंवर सह्याद्रीच्या पूर्व उतारापर्यंत येऊन पोंचला होता.

पाहुण्यांसाठीं केलेल्या या सोयीचा पहिला मोठा लाभ कोणाला झाला? खुद्द यजमानाला. २०१४ मध्यें जावाच्या आठव्या आवृत्तींत लिहिण्याची जी नवी आटोपशीर पद्धति आली, ती याच पांचव्या हुकुमावर उभी आहे. दुसऱ्याच्या रीतीला जागा दिल्यानें घर लहान होत नाहीं, याचें हें प्रत्यंतर.

तथापि या कथेची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. पाहुण्याचें भवितव्य यजमानाच्या मर्जीवर राहतें. २०१० च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनें आयर्नपायथॉनवरून हात काढून तें स्वयंसेवकांच्या स्वाधीन केलें. पायथॉनची तिसरी पिढी २००८ मध्यें आली. आयर्नपायथॉनला तेथें पोंचण्यास २०२२ साल उजाडलें. जावाच्या आठव्या आवृत्तींत मोठ्या मानानें बसविलेला नॅशहॉर्न हा जावास्क्रिप्टचा कारभारी २०२० मध्यें पंधराव्या आवृत्तींतून काढून टाकण्यांत आला. आणि सर्वांत मर्मभेदक गोष्ट ह्यूगुनिनचीच. १९९५ च्या सुमारास त्यानें पायथॉनमध्यें गणितासाठीं न्यूमरिक नांवाचें साधन तयार केलें होतें. आजच्या शास्त्रज्ञांचें आवडतें नमपाय त्याचेंच वंशज. परंतु तें सी भाषेच्या आधारानें बांधलेलें. म्हणून मूळ पायथॉनच्या घरींच तें नीट नांदे. जायथॉन व आयर्नपायथॉन या त्यानेंच बांधलेल्या दोन घरांत त्याच्याच त्या पहिल्या अपत्याला सहजासहजीं पाऊल टाकतां येईना. भाषा दुसऱ्याच्या घरीं नेतां येते. पण तिचा गोतावळा मागें राहतो, आणि पुष्कळदां भाषेहून लोकांना तो गोतावळाच प्रिय असतो.

मग जावास्क्रिप्टनें काय केलें? १९९५ च्या मे महिन्यांत ब्रेंडन आइक यांनीं दहा दिवसांत तिचा पहिला सांगाडा उभा केला. पुढें पुष्कळ वर्षें ती पानावरची किरकोळ सजावट करणारी म्हणूनच ओळखली जाई. २००६ पासून तिच्यासाठीं नवा कारभारी तयार होऊं लागला. तो करणारे गृहस्थ म्हणजे तेच लार्स बाक. सेल्फ आणि हॉटस्पॉट यांवर घालविलेलीं वर्षें गांठीं घेऊन ते आपल्या मायदेशीं, डेन्मार्कमध्यें, हें काम करीत होते. २ सप्टेंबर २००८ रोजीं गूगलच्या क्रोमबरोबर तो कारभारी जगापुढें आला. त्याचें नांव व्ही-एट. यांत पाहुणी दुसऱ्याच्या घरीं गेली नाहीं. तिच्या स्वभावाला साजेल असें घरच तिच्यासाठीं बांधलें. एकाच घडणीच्या वस्तूंचा समाईक आराखडा, दरवाजापाशीं लिहून ठेवलेलें मागचें उत्तर, रहदारीच्या वाटेची फरसबंदी, अंदाज चुकल्यास परतण्याची तयारी: सेल्फच्या काळीं प्रयोगशाळेंत जमविलेला संसार येथें मांडला गेला. पुढें अँड्रॉइड फोनांवर क्रोम आलें, आणि हा कारभारी गांवोगांव पोंचला.

म्हणून वेल्ह्याच्या शेतकऱ्यानें फोनवर गांवाचें नांव निवडलें कीं एका क्षणांत काय घडतें, हें आतां सांगतां येईल. पानासोबत आलेल्या आज्ञांत कोणत्याहि पेटीवर चिठ्ठी नाहीं. गट क्रमांक हा आंकडा म्हणून आला आहे कीं शब्द म्हणून, हें कोणी आधीं सांगितलेलें नाहीं. तरीहि यादी डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत उघडते. कारण प्रत्येक दरवाजावर एक पहारेकरी मागचा चेहरा आठवीत उभा आहे. या आज्ञांत पेट्यांचीं नांवें देवनागरींत लिहिण्यासहि आज आडकाठी नाहीं. जावा, जावास्क्रिप्ट आणि पायथॉनची तिसरी पिढी या तिन्हींना ‘गांव’, ‘जमीन’, ‘आकार’ अशीं नांवें चालतात. भोरच्या शाळेंतील मुलगा आपल्या शब्दांत आज्ञा लिहूं लागला तर त्याला यंत्राकडून अडथळा नाहीं.

भोरच्या दरबारीं आणि या यंत्रांच्या दरबारीं एक भेद मात्र राहतो. तेथें यजमानाचा कायदा पाहुण्यानें कधीं बदलविला नाहीं. काळ फिरला तेव्हां दोघांचेंहि छत्र गेलें आणि रयत स्वतःची धनीण झाली. येथें यजमानानें आपल्या हुकुमांच्या यादींतला रिकामा पाट पाहुण्यास दिला, आणि तो देतांना स्वतःहि श्रीमंत झाला. मोकळीक आणि वेग यांचें वैर आहे, ही समजूत लिस्पच्या काळापासून चालत आली होती. ती मोडली ती भाषेला दावणीस बांधून नव्हे. भाषा मोकळीच राहिली. दरवाजावरचा पहारेकरी मात्र आल्यागेल्याची ओळख ठेवावयास शिकला.